वीतभर आखूड

—नाही हो भाऊ, हात सोडता यायचा नाही मला. स्टँडच नाहीये गाडीला. तुमच्याच नियमात लिहिलंय ना, वेगाच्या मोटरसायकलला स्टँड नको म्हणून? काढला. आता स्टँडच्या जागी मी. सकाळपासून तुमच्या तपासणीच्या रांगेत अशीच उभी आहे, एक हात हँडलला, एक सीटला—तरी बरं, गाडी तशी हलकी आहे, आणि मी तशी हलकी नाहीये. तुम्ही बघा ना, निवांत बघा. आमच्या मागे कोणी नाही, शेवटचीच गाडी आमची. चालवणारी आत तंबूत गेलीय, तो चामड्याचा सूट चढवायला. वेळ लागतो त्याला, एक पाय आत गेला की दुसरा बाहेर येतो. माझी धाकटी जाऊ आहे ती. गाडी तिची, पळवणार ती, मी आपली धरायला. आणि बोलायला. मला बोलायची सवय आहे आणि तुम्हाला न बोलायची दिसतेय, म्हणजे आपलं छान जमणार. आमचे हे पण असेच आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मला कळत नाही की भाजी आवडली म्हणून गप्प आहेत की नाही आवडली म्हणून.

ओढा, ओढा, जोरात ओढून बघा ती तार. नाही तुटायची. मी ओवलीय. ती खालची ऑइलच्या नटाची, ती पुढच्या चाकाची, ती मागच्याची, आणि ते ब्रेकचे दोन बोल्ट आहेत ना, ते पण—सगळ्या मी. म्हणजे नटांना भोकं तिने पाडली, हं, ते काम माझं नाही, ती लेथवर असते एका वर्कशॉपमध्ये, तिचा हात बसलाय. पण भोकातून तार ओवून पिळायची म्हटलं की ते माझं काम. का म्हणून विचाराल तर मी कापडी फुलं करते. दुकानात बरणीत ठेवतात ना, ती—पाकळ्या कापडाच्या, देठ तारेचा. दिवसभर तारच पिळत असते मी. त्यामुळे पीळ बघा कसा सारखा आलाय, कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही. पहिल्यांदा मात्र मी घोटाळा केला होता. उलट्या बाजूने ओढली होती सगळी तार. दिसायला सुरेख, आणि नट सुटायला मदत करणारी. धाकटी म्हणाली, वहिनी, तार अशी ओढायची की नट सुटायला गेला तर तार त्याचा कान धरेल. मग सगळी कापली आणि परत केली. आता कळतं मला. एवढ्या वेगात सगळं थरथरतं, नट फिरतो, ऑइल गळतं, ते मागच्या चाकाखाली जातं, आणि मग माणूस—जाऊ दे, तुम्हाला काय सांगायचं, तुमचं रोजचं आहे.

काय झालं? टोक? टोकाला काय केलंय विचारताय? ती पाकळी आहे. हो, प्रत्येक तारेच्या टोकाला. असं आहे भाऊ, तार कापली की टोक बोचतं, ते वळवून आत दाबायला लागतं, बरोबर? मग वळवायचंच आहे तर नुसतं का वळवा? हसलात. हसलात ना? हसायला हरकत नाही, नियमात नाही बसत असं मात्र म्हणू नका. धाकटीने पण आधी कपाळाला हात लावला होता. मग मी एकदा घाईत एका नटाला पाकळी केली नाही, तर आली विचारत, वहिनी, ह्याची राहिली.

आमचं आधी पटायचं नाही असं नाही, आमचं काही नव्हतंच. ती लग्न होऊन आली ना घरात, तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे गॅस बंद केला का, दूध आलं का, संपलं. ती सकाळी कामावर, संध्याकाळी येऊन जेवून खोलीत. मला वाटायचं शिष्ट आहे. तिला वाटायचं मी बडबडी आहे—म्हणजे तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं. मग एक दिवस ही गाडी आली घरी, टेम्पोतून. भंगारात घेतलेली. टाकीवर गंज, चाकं वाकडी. ठेवायची कुठे? तर स्वयंपाकघरामागची खोली, माझ्या फुलांची. माझ्या सगळ्या बरण्या, कापडाचे गठ्ठे एका बाजूला सरकवले आणि हे काळं धूड मधोमध. मी ह्यांच्यापाशी इतकी बडबडले, इतकी बडबडले—ह्यांनी पेपर उलटला. तीन आठवडे मी त्या खोलीत नाक मुरडूनच काम केलं. ती एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. बोलणं नाही. मग एकदा बघते तर ही बाई तारेशी झटापट करतेय, बोटातून रक्त येतंय, आणि पीळ असा, असा वेडावाकडा—मला बघवेना हो. तुमच्यासमोर कोणी चुकीचा पाना लावला तर तुम्हाला बघवेल? उठले, हातातून पक्कड घेतली, म्हटलं तार अशी पिळतात होय? सरक. झालं. त्या दिवसापासून संध्याकाळी जेवणं झाली की आम्ही दोघी त्या खोलीत. सासूबाई ह्यांना विचारायच्या, ह्या दोघी आत भांडतायत का रे? आवाज मोठा येतो म्हणून. मी बोलत असायचे आणि ती ग्राइंडर चालवत असायची, मग मला ओरडायला लागायचं ना.

थांबा. तिथे का थांबलात? ती पेट्रोलच्या कॉकची तार आहे. ती पण मीच—का, नीट नाहीये? कॉक थरथरून आपोआप बंद होऊ नये म्हणून बांधून टाकला मी, ऐन वेळी मध्येच पेट्रोल बंद झालं तर काय घ्या. चांगला तीन पदर घालून बांधलाय. काय? हातमोजा घालून? तिला बसल्या बसल्या बंद करता यायला हवा? का बरं, तिला कशाला मध्येच बंद—हां. आग. हां, हां. आलं लक्षात. म्हणजे पेटली तर चटकन बंद करायचा तो, आणि मी तो बांधून ठेवलाय. अगं बाई. नाही, बरोबर आहे तुमचं. चुकलंच. मला सांगितलं होतं तिने, जे सुटू शकतं ते सगळं बांध, आणि तिला काय माहीत मी काय काय बांधेन, तिने हा बघितलाच नसणार, टाकीखाली आहे ना. माझ्या खिशात पक्कड आहे बघा, उजव्या—काढता तुम्ही? माझे हात अडकलेत. संकोच करू नका, तुमच्या आईच्या वयाची नसले तरी मावशीच्या नक्की आहे. कापा. पाकळीसकट कापा. हं. फिरवून बघा आता. फिरतो ना? मग झालं. तिला सांगू नका हं. म्हणजे सांगितलंत तरी चालेल, ती चिडत नाही, नुसती भुवई वर करते. त्यापेक्षा चिडलेली परवडते.

काचा काढल्यात, आरसे काढलेत, दिवा काढलाय. चाकात हवा भरायच्या नळीवरची टोपणं बघा, धातूची आहेत, प्लॅस्टिकची नाहीत. ती शोधायला मी सायकलवाल्यांची चार दुकानं पालथी घातली. शेवटचा दुकानदार म्हणे, काकू, सायकलला कशाला धातूची? म्हटलं, सायकलला नाही, एका गाडीला, तिला दीडशेच्या वर पळायचंय. तो माझ्याकडे बघतच राहिला, त्याला वाटलं मी पळवणार. मी काही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

दीडशेच्या वर, हो. छोट्या इंजिनाला पुष्कळ झालं ना? तिचं एवढंच म्हणणं आहे, एकदा दीडशेच्या वरचा आकडा तुमच्या त्या कागदावर येऊ दे. मागच्या खेपेला इथवर आलो आणि टायरवर अडलो, वेगाचा शिक्का नव्हता टायरवर. त्याच्या आधी पाऊस. आणि पुढच्या वर्षी—पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. म्हणजे आजच. आज तुम्ही पास केलंत तर पळेल, नाही केलंत तर ही गाडी आमच्या फुलांच्या खोलीत परत, आणि मग काय माहीत कुठे. तुमच्यावर दडपण आणत नाहीये हं मी. तुम्ही तुमचं काम करा.

नाही, पुढच्या वर्षीचं असं का म्हणाले तर—बघा, तुम्ही कोण कुठले, परत भेटणार नाही, म्हणून सांगते. तिला नोकरीला बोलावलंय एका ठिकाणी. इंजिनं तयार करतात त्या कारखान्यात, तपासणी विभागात. लांब आहे, रात्रभराचा प्रवास. भावजींना, म्हणजे माझ्या दिराला, तिथे काम मिळायला काही अडचण नाही, ते कुठेही हिशेब लिहू शकतात. पण ही अजून हो म्हणाली नाहीये, आणि मला तर सांगितलेलंच नाही. भावजींच्या तोंडून निसटलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, चहा मागायला आले आणि चहाबरोबर सगळं सांगून गेले—वर म्हणाले, वहिनी, ती नाही म्हणणार आहे, तुम्ही एकट्या पडाल म्हणून, पण तुम्हाला मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका. आता सांगा. म्हणजे मी खोलीत तिच्यासमोर बसून तार पिळतेय, तिला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्ही दोघी टोपणांबद्दल बोलतोय. मी, हो. मी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा पोटात ठेवलं मी काही, आणि सांगते तुम्हाला, पचत नाही हो. तिने जायला हवं. हे मला कळत नाही असं नाही. अशी बोटं घेऊन ती आमच्या गावात त्याच त्या लेथवर किती दिवस बसणार? पण जा म्हणायला तोंड उघडलं की भलतंच बाहेर येतं. परवा तोंड उघडलं आणि म्हटलं, कांदे संपलेत.

आली बघा. कशी दिसतेय, काळ्या टाकीला काळा सूट. ये गं, हे भाऊ चांगले आहेत, फार बोलत नाहीत. मी कुठे काय बोलले? नट दाखवत होते. पाठ दाखव त्यांना, सूटची चेन पूर्ण वर ओढ, गळ्याशी चामडं उघडं नको. हेल्मेट दे त्यांच्या हातात. हातमोजे. बूट. कॉक बघितला त्यांनी, छान आहे म्हणाले—बघा, भुवई वर गेली. पाना-पक्कड काही नाही गं, आपलं सहज.

बसू दे म्हणता? बस. मी धरलीय. ही दोरी, भाऊ, हिचं सांगते, ही पण मी केलीय. देठाला गुंडाळतात ना ती हिरवी पट्टी, ती वरून घातलीय, आत मजबूत आहे. एक टोक तिच्या मनगटाला, दुसरं त्या लाल खटक्यात. ती गाडीवरून पडली की दोरी ओढली जाते, खटका निघतो आणि इंजिन बंद. गाडी आपली आपण पळत सुटत नाही. सगळ्यात शहाणी वस्तू हीच आहे बाई. चालू कर गं. ऐका आवाज. ऐकू येतंय का माझं? मी म्हटलं आवाज बघा कसा आहे. आता टाकीवर झोप, पळवताना झोपतेस तशी. हनुवटी खाली. झालं ना भाऊ? आता उठून बसू दे म्हणता? पूर्ण सरळ? शेवटी थांबताना बसतात तशी? बस सरळ—

बंद पडली.

नाही नाही, इंजिनाला काही झालेलं नाही, खटका निघाला. दोरी ओढली गेली. लाव परत. परत चालू कर. वाक, हं, आता हळू बस—बंद. आखूड आहे म्हणता? वीतभर? मी तर तिला टाकीवर झोपवून माप घेतलं होतं, बरोबर होतं माप, आता घरात गाडी काय पळवून बघणार—काय म्हणालात? वेगात असताना ती बसली आणि इंजिन असं एकदम बंद पडलं तर मागचं चाक धरेल, फिरायचंच थांबेल? म्हणजे घसरेल? म्हणजे बंद पडणं चांगलं नाही? मला वाटलं होतं, बंद पडणं म्हणजे—

माझ्याकडे नको बघूस अशी. मला माहीत आहे तू दोनदा मोजून दिली होतीस मला लांबी. मोजून दिली होती हो भाऊ हिने, दोऱ्याने मोजून. मी लांब केलीच होती आधी. तशीच, तिच्या मापाची. आणि मग रात्री उठून दुसरी केली, आखूड. का म्हणजे काय, मला वाटलं जरा जागची हलली तरी बंद पडावी. जरा कुठे काही वाटलं, नुसती मान वर केली, की बंद. मला काय माहीत चाक धरतं. मी चाकाचा विचार कशाला करू, मी तुझा करत होते. दीडशे म्हणे. मला ह्यांच्या स्कूटरवर पन्नासला डोळे मिटायला लागतात. आणि तशी तू रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब निघालीच आहेस, निदान इथे तरी माझ्या दोरीने—

गेलं. गेलं तोंडातून.

भावजींना काही बोलू नकोस. बिचारे चहा प्यायला आले होते. हो, माहीत आहे मला. बरेच दिवस. बघ ना, ठेवलं की नाही पोटात? भाऊ, तुम्ही असे खाली बघू नका, तुमच्यापासून लपवण्यासारखं काय राहिलंय आता. हे बघ धाकटे, मी एकदाच बोलते, नाहीतर परत कांद्यांवर जाईन. तू माझ्यासाठी नाही म्हणालीस ना, तर मला रोज सकाळी तुझं तोंड बघवणार नाही. मला वाईट वाटणार आहे. फार वाटणार आहे, ती खोली मला खायला उठणार आहे, मी सासूबाईंचं डोकं खाणार आहे, ह्यांचं तर खातेच. पण ते माझं मी बघेन. तू मला सांभाळायला लग्न करून आली नाहीस. हो म्हणून कळव त्यांना. रडत नाहीये मी, ऑइलचा वास डोळ्यात गेलाय.

काय म्हणतेय ऐकलंत का भाऊ? म्हणतेय, "वहिनी, आधी दोरी बदला, मग बोलू." बघा ही. मी इथे काळीज काढून ठेवलंय आणि हिला दोरी. बरोबर आहे पण. पर्समध्ये आहे लांबवाली. टाकून नव्हती दिली मी, टाकवली नाही. तुम्ही धरा जरा गाडी भाऊ, मला दोन्ही हात लागतील. नीट धरा, उजवीकडे कलते ती. दे मनगट. हलू नकोस, गाठ नीट बसू दे. हं. हे टोक इथे, हे खटक्यात. ओढून बघ. चालू कर. झोप टाकीवर. आता सरळ बस. अजून सरळ. मागे रेल जरा.

चालू आहे. बघा, चालू आहे. आता पडल्यासारखी एका बाजूला उतर, मनगट ओढ—बंद. म्हणजे पाहिजे तेव्हा बंद, नको तेव्हा नाही. झालं ना तुमचं समाधान? मग चिकटवा की तो पास झाल्याचा कागद, हातात धरून काय उभे आहात. पुढे, नंबराच्या खाली. सुरकुती नको.

हेल्मेट घालतेय, म्हणजे उत्तर द्यायला नको. काच खाली करू नकोस, आधी सांग. कळवशील? मोठ्याने बोलायची गरज नाही, मान हलव नुसती. हलवली. हलवली ना, भाऊ? तुम्ही बघितलंत, आता तुम्ही साक्षीदार आहात, उद्या ही फिरली तर मी तुमच्याकडे येणार. जा आता. ते लोक झेंडा घेऊन उभे आहेत तिकडे. कॉक उघडा आहे बघ. जा.

मी इथेच उभी राहते जरा, चालेल ना? तुम्हाला आवराआवर असेल तर करा. माझे हात बघा कसे झालेत, धरायला काही नाही तर अवघडल्यासारखं वाटतंय. घ्या, पक्कड घेऊन उभी राहते. दिसत नाही इथून नीट, ऊन डोळ्यांवर आहे, धावपट्टीच्या त्या टोकाला तो काळा ठिपका तीच ना? बाजूला कोण आहे, काय सांगतायत तिला एवढं? सगळं माहीत आहे तिला. सूट घालताना पाणी प्यायली असेल का हो? मी विचारायचं विसरले. आणि ती रात्रभराची गाडी, म्हणजे रेल्वे, ती रोज असते का आठवड्यातून—रोज असेल, नाही? रोजच असणार. फुलं काय, तिकडेही दुकानं असतील, नेऊन द्यायला म्हणून जाता येईल मला. आणि तिथे तार कोण पिळून देणार तिला, स्वतः पिळली तर परत बोटं—

चालू झाली. ऐकलंत? आमचीच आहे ती. आता बोलू नका हं भाऊ. एक शब्द बोलू नका. मला शेवटपर्यंत ऐकू द्या.